दुपारी दोन ते पाच

पितृपक्षात वृद्धाश्रमात शुगर वाढते. हे वाक्य माझं नाही, आत्याच्या आश्रमातल्या सिस्टरचं आहे, आणि त्या ते रजिस्टर समोर ठेवून सांगतात. पंधरा दिवस रोज कुणी ना कुणी वडिलांच्या नाहीतर आईच्या नावाने जेवण देतं, रोज खीर, रोज वडे, एखाद्या दिवशी दोन देणगीदार एकदम आले तर खीर आणि वर जिलबी, आणि देणारा माणूस स्वतः पळी घेऊन वाढायला उभा असतो, "घ्या हो आजी, आमच्या अण्णांना फार आवडायची", आता यावर नको कोण म्हणणार? मग अण्णांच्या आवडीचं ते सगळं साठ-पासष्ट जणांच्या पोटात जातं, त्यातले कितीतरी जण इन्सुलिनवर. त्याच्याच आगेमागे एक ऑक्टोबर येतो, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन, संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवलेला, त्या दिवशी सकाळी शाळा, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी कुठलातरी क्लब, सगळ्यांचे बॅनर वेगळे आणि गुलाबाची फुलं तीच. मग दिवाळीच्या फराळाचे डबे, संक्रांतीचा तिळगूळ, आणि त्यानंतर जे सगळं थंड होतं ते पावसाळा येईपर्यंत तिथे चिटपाखरू फिरकत नाही.

आत्या माझी सख्खी, बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाली, म्हणजे ट्रंक कॉल बुक करून लोक दिवसभर वाट बघत बसायचे त्या जमान्यातली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर स्वतःच चार-दोन आश्रम बघून आली, फ्लॅट भाड्याने दिला, डिपॉझिट भरलं आणि मग आम्हाला कळवलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण वृद्धाश्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच अमेरिकेतला मुलगा आणि पदराने डोळे पुसणारी आई येते. तशाही आहेत तिथे, नाही असं नाही. पण स्वतःच्या पायाने आलेले आहेत, नवरा-बायको जोडीने आलेले आहेत, मुलीकडे राहणं जमलं नाही म्हणून आलेले आहेत, आणि काही असेही आहेत ज्यांना कुणीच नाही आणि ज्यांचा खर्च संस्थाच करते. आश्रम पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागतो, नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना माझं लिहिणं झेपेल असं वाटत नाही.

तर तिथला दिवस असा. सहाला चहा, आठला नाश्ता, बाराच्या आत जेवण, साडेतीनला परत चहा, सहाला प्रार्थना, साडेसातला जेवण की दिवस आटोपला. सकाळ कशीही जाते, आंघोळ, पूजा, बीपी, पेपर, चार फेऱ्या. संध्याकाळी टीव्ही असतो. खरा डोंगर असतो तो दुपारी दोन ते पाचचा. झोपावं तर रात्री झोप येत नाही, जागं राहावं तर करायचं काय, पंखा बघायचा. आत्या पहिल्या महिन्यात मला म्हणाली होती, अगं इथे सगळं चांगलं आहे, फक्त दुपार फार लांब आहे.

आणि गंमत बघा, बाहेरून जे लोक कार्यक्रम करायला येतात ते या वेळात सहसा येत नाहीत. ते रविवारी सकाळी येतात, नाहीतर पाच वाजून गेल्यावर, म्हणजे त्यांना गाडी काढून यायला आणि परत जायला बरं पडतं. ठरलेला साचा आहे. स्पीकर लावायचा, इतका मोठा की कानाचं मशीन लावलेल्यांना ते काढून खिशात ठेवावं लागतं, जुनी गाणी म्हणायची, मध्येच "चला आजी, उठा, नाचायचं" करून हाताला धरून ओढायचं, केक कापायचा, फोटो. मागे एका कॉलेजच्या मुलांनी संगीत खुर्ची ठेवली होती. संगीत खुर्ची! अर्ध्या लोकांचे गुडघे बदललेले, काहींना वॉकर, आणि गाणं थांबलं की पळत जाऊन खुर्ची पकडायची. मुलं चांगली होती हो, मनापासून आली होती, पण कुणाला एकदा विचारावंसं वाटलं नाही की तुम्हाला काय खेळायला आवडेल. बसल्या जागी टाळ्या वाजवणं एवढंच काम या लोकांकडे असतं आणि ते ती करतात, अगदी इमानदारीत करतात, कारण आलेल्या पाहुण्याला वाईट वाटू नये हे संस्कार त्यांच्या पिढीत पक्के. म्हणजे कोण कुणाची करमणूक करतंय हाच प्रश्न पडतो.

हा प्रश्न मला सुचला नव्हता, नाझर काकांना सुचला. नाझर काका म्हणजे जिल्हा कोर्टात नाझर होते, नोकरीभर जप्त्या आणि समन्स आणि पंचनामे, आता ऐंशीच्या पुढे असतील, पण कायद्याचं पुस्तक उशाशी. त्यांनीच मला दाखवलं की आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा जो २००७ चा कायदा आहे त्यात कलम १९ मध्ये म्हटलंय की सरकारने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, निराधार अशा किमान १५० जणांची सोय होईल एवढा, आणि त्याच कलमात पुढे, तिथल्या सेवांचा दर्जा ठरवताना औषधोपचार आणि करमणुकीची साधनं, दोन्हीचा उल्लेख एकाच दमात केलाय. नाझर काका त्या ओळीखाली लाल पेन्सिलने रेघ मारून बसले होते. म्हणाले, कायदा करणाऱ्याला कळलं होतं बघ, गोळी आणि पत्ते एकाच वाक्यात घातलेत. मी म्हटलं काका, पण तुमचा आश्रम ट्रस्टचा आहे, सरकारी नाही. तर म्हणे, दर्जा तर दर्जा.

आश्रमातली करमणुकीची साधनं म्हणजे तेव्हा एक टीव्ही, एक कॅरम ज्याच्या सोंगट्या एकोणीसच्या चौदा उरलेल्या, आणि कपाटात कुलूपबंद पुस्तकं. टीव्ही एक आणि माणसं साठ म्हटल्यावर काय होणार ते झालेलं, सात ते साडेआठ मालिका, त्यात क्रिकेटवाले आणि बातम्यावाले कायमचे नाराज, आणि रिमोट ऑफिसात.

बदल सुरू झाला तो रमीवरून. पुरुषांच्या बाजूला चौघं-पाच जण रमी खेळायचे, पॉइंटला दहा पैसे असला काहीतरी हिशोब, वहीवर लिहून ठेवायचे, महिन्याच्या शेवटी जो हरला तो सगळ्यांना भेळ आणायचा. कुणीतरी ट्रस्टींच्या कानावर घातलं की वृद्धाश्रमात जुगार चालतो. झालं, नोटीस लागली, पत्ते जमा करा. इथे नाझर काकांच्या अंगात आलं. त्यांनी तीन पानी अर्ज लिहिला, हाताने, मार्जिन सोडून. मुद्दा असा की आपल्याकडचा जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ चा, त्यातच कलम १३ आहे की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९६८ साली सिकंदराबादच्या एका रिक्रिएशन क्लबच्या केसमध्ये म्हटलेलं आहे, सबब पत्ते परत मिळावेत. मी तो अर्ज वाचलाय. इतका सुंदर मराठी अर्ज मी सरकारी माणसाचा कधी वाचला नव्हता.

ट्रस्टी हसले आणि पत्ते परत दिले. पण त्या अर्जाने दुसरंच काहीतरी झालं. साठ लोकांना एकदम कळलं की इथे नाही म्हणता येतं, भांडता येतं, आणि भांडलं तर मिळतंही. आत्या तर टपूनच होती. तिने दुसऱ्याच आठवड्यात रहिवाशांची कमिटी काढली, निवडणूक घेऊन, चिठ्ठ्या टाकून. मॅनेजर म्हणाले कशाला हो मॅडम, आम्ही आहोत ना. ती म्हणाली तुम्ही आहात म्हणूनच.

पहिली गोष्ट तिने काय केली तर दुपारी अडीचला हौजी. रोज नाही, मंगळवार आणि शुक्रवार. आता हौजी म्हटल्यावर तुम्ही म्हणाल त्यात काय, प्रत्येक गेट टुगेदरला असते. पण तिची बघायला हवी. बाजारातली तिकिटं इतकी बारीक की दिसत नाहीत, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून मोठी करून आणली, एक तिकीट वहीच्या पानाएवढं, सत्तावीस घरं, पंधरा आकडे, ठळक. पेनाने खुणा करायला काहींचे हात थरथरतात, शिवाय तिकीट एकदाच वापरता येतं, म्हणून खुणेला चिंचोके. ऐकू न येणाऱ्यांसाठी एक पाटी, आकडा बोलला की पाटीवर लिहून फिरवायचा, ते काम एका मितभाषी काकांकडे, जे आजवर कशातच यायचे नाहीत, पण पाटी फिरवायला येतात. आणि आकडे बोलायला आत्या स्वतः. तीस-पस्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेला आवाज, प्रत्येक आकडा सुटा, स्वच्छ, "सात-तीन, त्र्याहत्तर", हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत, माइक नाही. तिला मी इतक्या वर्षांत कामावर कधीच बघितलं नव्हतं. तिथे बघितलं.

बक्षीस काय ठेवायचं यावर घोळ झाला. लोक म्हणाले रुपया-रुपया काढू. परत जुगार! आणि यावेळी नाझर काकाच विरोधात, कारण त्यांचं म्हणणं हौजी हा शुद्ध नशिबाचा खेळ, कलम १३ चं संरक्षण नाही, मी सही करणार नाही. दोन दिवस बैठका. शेवटी आत्याने तोडगा काढला, फुल हाऊसला बक्षीस म्हणजे त्या संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्हीचा रिमोट. बस्स. त्यानंतर जे लोक हौजीला नाक मुरडायचे ते क्रिकेटवाले अडीचच्या आधी येऊन खुर्च्या धरायला लागले, मालिकावाल्या बायका जप केल्यासारख्या तिकीट हातात धरून, आणि एकदा एका आजींना फुल हाऊस लागलं तर त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद करून टाकला. दीड तास. सगळे खूप चिडले. त्या म्हणाल्या, मला शांतता हवी होती, जिंकलेय मी.

मानसशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली हे तर फार जुनं आहे, आणि तिने तो प्रयोग सांगितला. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये आर्डन हाऊस नावाचं नर्सिंग होम होतं, तिथे एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघींनी केलेला, १९७६ साली प्रसिद्ध झाला. दोन मजले घेतले. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोलीतलं सामान कसं लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, हवं असेल तर एक रोप घ्या, कुठलं ते निवडा, पाणी तुम्हीच घालायचं, आणि सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, की बघायचाच नाही, तेही सांगा. दुसऱ्या मजल्याला तसंच रोप, तोच सिनेमा, पण रोप हातात दिलं, पाणी नर्स घालतील, सिनेमाचा वार आम्ही कळवू, तुम्ही सुखात राहावं म्हणून आम्ही आहोत. बोलणं दोन्हीकडे गोड. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त हसते-खेळते, जास्त हिंडते-फिरते दिसले. दीड वर्षाने परत जाऊन बघितलं तर पहिल्या मजल्यावर ४७ पैकी ७ जण गेले होते, दुसऱ्यावर ४४ पैकी १३. आता हे ऐकून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करू नका, कारण या मृत्यूंच्या आकडेमोडीत चूक झाल्याची दुरुस्ती पुढे त्या दोघींनीच छापली, आणि फरक आधी वाटला होता तितका पक्का नाही असं निघालं, शिवाय माणसं थोडी आणि जागा एकच. पण त्या दुसऱ्या मजल्याचं वर्णन ऐकताना मला आपल्याकडचे सगळे चांगले आश्रम डोळ्यासमोर आले. तुम्ही आराम करा. आम्ही आहोत ना.

खरंच, "आराम करा" हा आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला दिलेला सगळ्यात प्रेमळ हुकूम आहे, घरी काय आणि आश्रमात काय. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, पडाल. झाडांना पाणी घालायचं नाही, माळी आहे. पन्नास वर्षं ज्या बाईने रोज दोन वेळा चुलीसमोर, स्टोव्हसमोर, गॅससमोर उभं राहून माणसं जेवू घातली तिला एका दिवशी सांगायचं की आता बसा आणि क्राफ्ट करा, आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. त्या करतात हो पेनस्टँड. मी बघितलेत, कपाटावर ओळीने ठेवलेले, कुणाला पेनं लागत नाहीत.

म्हणून मला आश्रमातली सगळ्यात झकास अ‍ॅक्टिव्हिटी कुठली वाटते तर कुरडया. झालं असं की एप्रिलमध्ये जेवणात बाजारच्या कुरडया आल्या, आणि बायकांच्या टेबलावर जी टीका सुरू झाली ती आठवडाभर थांबेना, तेलकट काय, जाड काय, चीक नीट शिजलाच नाही. आचारी वैतागून म्हणाला, मग तुम्हीच करा. तो बोलून गेला पण कमिटीने ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं! मॅनेजरचं म्हणणं, पडलं-झडलं, भाजलं तर जबाबदार कोण, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नव्हते, त्यांना नातेवाइकांना उत्तरं द्यावी लागतात. मग वाटणी झाली. गरम काम, म्हणजे चीक शिजवणं आणि घाटणं, आचारी आणि मावशी करणार, बाकी सगळं या करणार. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, यावर एक खानदेशी आजी आणि एक कोकणस्थ आजी यांच्यात इतकं वाजलं, गहू कुठला घ्यायचा, पाणी सकाळी बदलायचं की रात्री, की शेवटी दोघींचे वेगळे डबे. चौथ्या दिवशी पहाटे पाचला सोळा-सतरा बायका अंगणात, कुणी खुर्चीवर, कुणी व्हीलचेअरवर मांडीवर सोऱ्या धरून, जिला दिसत नाही तिच्याकडे प्लॅस्टिकचा कागद पसरून दगड ठेवायचं काम. पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे काही न करता बरोबर वेळेवर हजर झाली, वाट्या घेऊन, गरम चीक खायला, वर गूळ आणि तूप. त्या दिवशी दुपारी अडीचला कुणी उठलंच नाही, सगळा आश्रम गाढ झोपला. आणि कुरडया पुढे कमिटीने दिवाळीला देणगीदारांनाच विकल्या, वजनावर, एक रुपया कमी न करता.

त्या कुरडयांच्या पहाटे अजून एक झालं. माण तालुक्यातल्या एक आजी आहेत, संस्थेच्या खर्चावर राहणाऱ्या, कशातच नसायच्या. भावगीतांच्या भेंड्या लागल्या की त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि आम्हाला वाटायचं त्यांना आवड नाही. आवड कुठून असणार, ती गाणी त्यांच्या घरी कधी वाजलीच नव्हती, रेडिओच नव्हता. आश्रमातल्या कार्यक्रमांची आवडनिवड म्हणजे बघायला गेलं तर रिटायर्ड शिक्षक आणि बँकवाल्यांची आवडनिवड, सदाशिव पेठ ते कोथरूड. त्या दिवशी हात चालायला लागले तशा या आजी आपोआप ओवी म्हणायला लागल्या, जात्यावरची, एकामागून एक, भावाच्या, लेकीच्या, विठोबाच्या, आणि बाकीच्या हळूहळू गप्प झाल्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या जमवून ठेवल्यात, हे मला वाचून माहीत होतं, पण इथे त्या बाई आमच्याच आश्रमात शेवटच्या खोलीत होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता महिन्यातून एकदा त्या म्हणतात. मूड असला तर. नसला तर नाही म्हणतात आणि पान लावत बसतात.

पुरुषांचं मात्र अवघड आहे. बायका काहीतरी धागा काढतात, लसूण सोलतील, वाती वळतील, एकमेकींची पायाची नखं काढून देतील, भांडतील. पुरुष हुद्दा गेला की रिकामे. चीफ इंजिनियर होते ते काका दिवसभर गेटपाशी बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितात, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही, पण सुटी नाही. पेपरमधल्या शब्दकोड्यावरून तर मारामारीची वेळ यायची, पेपर एक, आणि जो सहाला उठेल तो आधी पेनाने भरून टाकणार. यावर उपाय इतका सोपा निघाला की हसू येतं, ऑफिसात झेरॉक्स मशीन आहेच, रोज कोड्याच्या वीस प्रती काढायच्या. दुपारी दोनला वाटायच्या, पाचला उत्तरपत्रिका गोळा, मास्तर तपासणार. मास्तर म्हणजे खरे मास्तर, लाल पेन घेऊन, ऱ्हस्व-दीर्घाचा अर्धा मार्क कापतात. माजी चीफ इंजिनियर "वेलांटी" वरून त्यांच्याशी तासभर हुज्जत घालतात. गाड्यांचे नंबर लिहिणं तेवढा वेळ थांबतं.

अमेरिकेतल्याच बिल थॉमस नावाच्या डॉक्टरबद्दलही त्या मैत्रिणीने सांगितलं, १९९१ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावच्या नर्सिंग होममध्ये त्याने दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पोपटासारखे पक्षी आणून सोडले, कारण त्याच्या मते अशा ठिकाणची दुखणी तीन, कंटाळा, एकटेपणा आणि असहायपणा, आणि त्यावर औषध म्हणून सांभाळायला काहीतरी जिवंत हवं. मी हे ट्रस्टींना सांगितलं. शंभर पक्षी ऐकून ते दचकले. तसंही आमच्याकडे एक मांजर आपणहून राहायला आलंय, त्याचं नाव मॅनेजर ठेवलंय, आणि खऱ्या मॅनेजरसाहेबांना ते माहीत आहे.

आता यातलं सगळंच सुखाचं नाही. कमिटीचं राजकारण सुरू झालंय, दोन गट आहेत, एका गटाला आत्या हुकूमशहा वाटते, आणि ती थोडी आहेच. ज्यांना आठवत नाही, ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांच्यापर्यंत हौजीही पोचत नाही आणि कुरडयाही, तिथे एक मावशी दुपारी जाऊन पायाला तेल लावते तेवढंच. ट्रस्टला पैसे कमी, मावशा टिकत नाहीत, दोन मावश्या सोडून गेल्या की पहिली काय बंद होते तर अ‍ॅक्टिव्हिटी, कारण डायपर बंद करता येत नाही. देणगीदारांना हे कसं सांगायचं हे मला अजून कळत नाही, की बाबा रे, खिरीऐवजी एका मावशीचा तीन महिन्यांचा पगार दे. वडिलांच्या फोटोसमोर पगाराची पावती ठेवून कुणाला समाधान मिळेल का, माहीत नाही.

आणि माणसं जातात. हे आश्रमात रोजच्या व्यवहारात असतं, तरी पत्त्यांच्या टेबलावर ते वेगळंच कळतं. बुधवारच्या मेंढीकोटाची चौकडी ठरलेली होती, आत्या आणि नाझर काका एकीकडे, समोर मास्तर आणि एक बँकेतून रिटायर झालेले काका. बँकवाले काका पत्ता टाकताना कधी चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत, चारही दश्शा हातात असल्या तरी जांभई द्यायचे. श्रावणात गेले, झोपेतच. शोकसभा झाली, दोन मिनिटं शांतता, फोटोला हार, सगळं रीतसर. पण पुढच्या बुधवारी तिघंच टेबलाशी येऊन बसले, पत्ते पिसले, आणि तिघांत मेंढीकोट होत नाही हे तिघांनाही माहीत असून अर्धा तास बसून राहिले. पाच-तीन-दोन खेळा म्हटलं तर मास्तर म्हणाले तो काय खेळ आहे. नवीन भिडू शोधायला लागले तर कुणाला हुकूम कळत नाही, कुणी मध्येच झोपतं, एक काका येतात पण पत्ते सगळ्यांना दिसतील असे धरतात आणि त्यांना सांगायचं कुणी.

अशात मागच्या महिन्यात एका कंपनीतून एका मुलीचा फोन आला, सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या समाजसेवेचं काम बघते, डिसेंबरमध्ये त्यांची टीम येणार म्हणे, आजी-आजोबांसोबत एक दिवस, जादूचे प्रयोग, केक, भेटवस्तू. मॅनेजरांनी फोन आत्याकडे दिला. आत्याने सगळं ऐकून घेतलं, टीम किती जणांची, बॅनर केवढा, आणि मग आपल्या एक्स्चेंजच्या आवाजात विचारलं, मेंढीकोट येतो का तुला? ती मुलगी गोंधळली, नाही म्हणाली. आत्या म्हणाली मग डिसेंबरपर्यंत शीक आणि एकटीच ये, बुधवारी, अडीचला, आम्हाला एक भिडू कमी पडतोय, आणि येताना केक नको, पत्त्यांचा नवीन कॅट आण, प्लॅस्टिकचा, आमच्या जुन्यातली चौकट दश्शी इतकी फाटलीय की पाठीवरूनच ओळखू येते.